‘विश्वास ठेवा, गोळ्या सोडा’: ख्रिस्ती धर्म खरंच असं सांगतो का?

राजूरला आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका आजींनी परवा मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर एक रील सुरू होता. मोठा मंच, समोर गर्दी, हातात माईक घेतलेला प्रचारक. एक बाई कुबड्या टाकून चालायला लागते आणि लोक टाळ्या वाजवतात. शेवटी प्रचारक सांगतो की, विश्वास पक्का असेल तर औषधाची गरजच उरत नाही.

आजी ख्रिस्ती नाहीत. त्यांना गेली अनेक वर्षं शुगर आणि बीपी आहे. त्यांनी मला एवढंच विचारलं, “पोरी, हे खरं असंल तर मी रोज या गोळ्या कशाला गिळायच्या?”

असे व्हीडिओ सगळ्याच धर्मांच्या नावाने फिरतात. पण हा रील येशूच्या नावाने होता. त्यामुळे या लेखात आपण फक्त ख्रिस्ती बाजू समजून घेऊया. आजार का येतो, देव चांगला आहे तर वाईट का घडतं, प्रार्थनेनं माणूस बरा होतो का आणि बरा झाला नाही तर दोष कुणाचा, या प्रश्नांवर बायबल आणि वेगवेगळी चर्चेस नेमकं काय म्हणतात? आणि आपल्या महाराष्ट्रातल्या, विशेषतः अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसांनी ही शिकवण प्रत्यक्षात कशी जगली?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: ख्रिस्ती धर्मात बरं होण्यासाठी प्रार्थना आहे, पण बरं होण्याची गॅरंटी नाही. आणि औषध सोडा, असं मुख्य प्रवाहातलं कुठलंही चर्च सांगत नाही. आता सविस्तर पाहूया.

मूळ कोडं काय आहे?

देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. आणि तरीही जगात दुःख आहे. ही तीन वाक्यं एकत्र बसवायला गेलं की अडचण होते. देवाला दुःख थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसा? आणि थांबवता येत असूनही तो थांबवत नसेल तर चांगला कसा?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा आहे. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर तो सांगितला जातो. अनेक देव मानणाऱ्या किंवा देवच न मानणाऱ्या विचारांना तो इतका टोचत नाही. पण एकच देव, तोही प्रेमळ, आणि सगळं त्याच्याच हातात, असं मानणाऱ्या धर्माला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. ‘देवाचं सार्वभौमत्व’ हा शब्द चर्चमध्ये ऐकू येतो तो याच संदर्भात. त्याचा साधा अर्थ असा की, कुठलीही गोष्ट देवाच्या सत्तेबाहेर नाही. मग कॅन्सर, दुष्काळ आणि अपघातही त्या सत्तेबाहेर नाहीत का?

आजार म्हणजे पापाची शिक्षा का?

आपल्याकडे कुणी अचानक आजारी पडलं की ‘कुणाचं काय वाईट केलं होतं’ असं सहज बोललं जातं. ख्रिस्ती घरांतही ‘देवानं शिक्षा केली’ असं म्हणणारे भेटतात. बायबलच्या जुन्या भागात काही ठिकाणी संकटाचा संबंध लोकांच्या वागण्याशी जोडलेला आहे, हेही खरं.

पण त्याच बायबलमध्ये या समजुतीला थेट नकार देणाऱ्या मोठ्या कथाही आहेत.

पहिली ईयोबाची. ईयोब हा सज्जन, श्रीमंत माणूस. त्याची गुरंढोरं जातात, मुलं मरतात, अंगभर फोड येतात. मित्र भेटायला येतात आणि पटवून देऊ लागतात की, तुझं काहीतरी पाप असणारच. ईयोब ते मान्य करत नाही. तो देवाशी भांडतो, जाब विचारतो. गोष्टीच्या शेवटी देव ईयोबावर नाही, तर त्या मित्रांवर रागावतो. दुःखात असलेल्या माणसाला उपदेश करणारे चुकीचे ठरतात आणि तक्रार करणारा बरोबर ठरतो. मात्र आपल्यावर हे सगळं का आलं, याचं कारण ईयोबाला शेवटपर्यंत सांगितलं जात नाही.

दुसरी कथा योहानाच्या शुभवर्तमानातली. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो तेव्हा शिष्य येशूला विचारतात की, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईवडिलांनी? येशू सांगतो की दोघांनीही नाही. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख येतो. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू तिथेही बजावतो.

म्हणजे ‘तुला आजार झाला, कारण तू पापी’ असं एखाद्या रुग्णाच्या तोंडावर सांगणं हे खुद्द येशूच्या शिकवणीत बसत नाही.

मग वाईट येतं कुठून?

मराठीत या प्रश्नाला चारशे वर्षांपूर्वीच हात घातला गेला. गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. ओवीबद्ध मराठीतल्या या मोठ्या ग्रंथात देवदूतांचं बंड, त्यातून सैतान होणं आणि पहिल्या माणसांनी आज्ञा मोडणं, ही सगळी कथा येते. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना त्यांच्याच छंदात सांगितलेली ही ख्रिस्ती उत्पत्तिकथा होती.

या कथेतला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती धर्मात सैतान हा देवाच्या बरोबरीचा दुसरा देव नाही. एक चांगला राजा आणि एक वाईट राजा यांची समसमान लढाई, असं ते चित्र नाही. ईयोबाच्या कथेतही सैतानाला आधी देवाची परवानगी घ्यावी लागते.

पण मग देव परवानगी देतोच का? याला ख्रिस्ती विचारवंतांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

स्वातंत्र्य: चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनची मांडणी अशी की, वाईट ही देवानं निर्माण केलेली वेगळी वस्तू नाही. उजेड नसणं म्हणजे अंधार, तसं चांगुलपणाचा अभाव म्हणजे वाईट. माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलं, म्हणून चुकीची निवड शक्य झाली. खून, छळ, फसवणूक यांना हे उत्तर लागू पडतं. भूकंपाला किंवा लहान मुलाच्या कॅन्सरला लावायला गेलं की ते अपुरं वाटतं.

घडण: दुसऱ्या शतकातल्या इरेनियसच्या विचारातून पुढे एक मांडणी तयार झाली. माणूस पूर्ण तयार होऊन जन्माला येत नाही, अडचणींतून जात तो घडतो. पण काही दुःखं माणसाला घडवत नाहीत, चिरडून टाकतात, हा त्यावरचा आक्षेप आहे.

घडवणं आणि घडू देणं: कॅथलिक आणि अनेक प्रोटेस्टंट शिक्षक इथे फरक करतात. देव वाईट करत नाही, पण काही वेळा ते घडू देतो आणि त्यातूनही काही चांगलं काढू शकतो. कॅल्विनची परंपरा देवाच्या सत्तेवर जास्त भर देते आणि नुसत्या ‘परवानगी’ची भाषा तिला पुरेशी वाटत नाही. या मुद्द्यावर चर्चेसमध्ये आजही एकमत नाही.

देव स्वतः दुःखात उतरला: हे उत्तर तर्कापेक्षा कथेवर उभं आहे. येशू स्वतः पकडला गेला, मार खाल्ला, क्रुसावर मेला. अटक झाली त्याच रात्री, त्याच्या थोडं आधी त्यानं हे दुःख टळावं अशी प्रार्थना केली आणि ते टळलं नाही. ख्रिस्ती माणसासाठी याचा अर्थ असा की, देव दुःखाकडे लांबून बघत बसत नाही. दुःख का आहे, हे यातून कळत नाही. पण दुःखात आपण एकटे नाही, एवढं तो यातून घेतो.

पुनरुत्थानावरचा विश्वास याच्याच पुढे येतो. विसाव्या शतकातले अभ्यासक ऑस्कर कुलमन यांनी दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण दिलं. १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीला उतरल्या तेव्हा युद्धाचा निकाल ठरल्यासारखाच होता, पण लढाई संपायला जवळपास वर्ष लागलं. त्यांच्या मते वाईटाचा पराभव ठरलेला आहे, पण तो पूर्ण झालेला नाही. आपण या मधल्या काळात जगतो, म्हणून माणसं बरीही होतात आणि मरतातही.

येशू तर रोगी बरे करत होता. मग आज?

शुभवर्तमानांमध्ये येशूनं आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी बरे केल्याच्या अनेक कथा आहेत. आजच्या सगळ्या प्रार्थनासभा याच कथांचा आधार घेतात. पण आज त्या कथांचं काय करायचं, यावर ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार आहे. पूर्वी तो मरणशय्येवरचा संस्कार समजला जायचा. १९७२ मध्ये त्याचा विधी बदलला आणि तो गंभीर आजारी माणसासाठी आहे हे स्पष्ट झालं. २००० साली व्हॅटिकननं बरं होण्याच्या प्रार्थनांबद्दल स्वतंत्र सूचना काढल्या. प्रार्थना करा, पण त्याचा तमाशा, उन्माद किंवा नाटकीपणा होऊ देऊ नका, असा त्यांचा रोख आहे.

काही प्रोटेस्टंट विचारवंत मानतात की, बरं करण्याचं खास दान पहिल्या प्रेषितांपुरतं होतं. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये हे ठामपणे मांडलं. देव आजही प्रार्थना ऐकतो, पण ‘माझ्या हातात बरं करण्याची शक्ती आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, असं या गटाचं म्हणणं.

पेंटेकोस्टल आणि करिश्माई मंडळ्या मानतात की, पवित्र आत्मा आजही तसंच काम करतो. म्हणून रोग्यावर हात ठेवून प्रार्थना हा त्यांच्या उपासनेचा नेहमीचा भाग असतो. यातल्याही बहुतेक मंडळ्या दवाखान्याला विरोध करत नाहीत.

चौथा गट ‘समृद्धीचा संदेश’ देणाऱ्यांचा. पुरेसा विश्वास ठेवा, दान द्या, आरोग्य आणि पैसा तुमचा हक्क आहे, असं ते सांगतात. आजींच्या मोबाईलवरचा रील याच सुरातला होता. यावर सर्वात कडक टीका ख्रिस्ती लोकांनीच केली आहे. जगभरातल्या इव्हँजेलिकल नेत्यांनी २०१० मध्ये केपटाऊनला एकत्र येऊन जी भूमिका मांडली, तिच्यातही ही शिकवण नाकारली आहे.

त्यांचा मुख्य आक्षेप समजायला सोपा आहे. विश्वास ठेवला की बरं होतंच, असं एकदा म्हटलं, तर जो बरा होत नाही त्याचा विश्वास कमी पडला असा अर्थ निघतो. म्हणजे आधीच आजारी असलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचं ओझंही येतं. हे पुन्हा ईयोबाच्या मित्रांसारखंच झालं.

बायबलमधली उदाहरणंही या दाव्याच्या उलट आहेत. पौल या प्रेषितानं आपल्या शरीरातला एक त्रास जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. तो गेला नाही. त्यानं आपला एक सोबती मिलेत शहरात आजारी असतानाच मागे सोडला, असं त्याच्याच नावाच्या पत्रात आहे. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असा सल्लाही तिथे मिळतो. तो त्या काळातला औषधाचाच सल्ला. आणि ज्या लूकच्या नावावर एक शुभवर्तमान आहे, त्याला बायबल वैद्य म्हणतं.

जिचा बहिरेपणा गेला नाही ती रमाबाई

या सगळ्या चर्चेची सर्वात कठीण परीक्षा महाराष्ट्रात एका बाईच्या आयुष्यात झाली. पंडिता रमाबाई.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत होतं, व्रतं आणि दानधर्म करत होतं. तरी उपासमार टळली नाही. उरलेला भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचा त्यांचा विचार होता, पण ऐकायला कमी येत असल्यानं ते शक्य झालं नाही. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र पुढची काही वर्षं पटलं नाही तिथे त्या इंग्लंडमधल्या धर्मशिक्षकांशीही पत्रांतून वाद घालत राहिल्या.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. नंतर पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. (नगरजवळचं केडगाव वेगळं.) १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी आणल्या. तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. ज्या मुलीनं स्वतः घरच्यांना दुष्काळात जाताना पाहिलं होतं, ती पुढच्या दुष्काळांत अन्न घेऊन उभी राहिली.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. अमेरिकेत लॉस एंजलिसला ज्या सभांपासून पेंटेकोस्टल चळवळीची सुरुवात सांगितली जाते, त्या १९०६ च्या. म्हणजे केडगाव त्याच्या आधी. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी यावर लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या चळवळीला चालना मिळाली. आज जगभर रोग्यांवर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या परंपरेचं एक मूळ असं महाराष्ट्रात सापडतं.

आणि तरीही ज्या रमाबाईंच्या अंगणात ही लाट आली, त्यांचा स्वतःचा बहिरेपणा गेला नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. मुक्तीचं काम पुढे तिनं सांभाळावं, अशी रमाबाईंची इच्छा होती. रमाबाई मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. ते काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

‘विश्वास ठेवा, बरं व्हाल’ हा नियम खरा मानला तर रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणावं लागेल. असं म्हणायला कुठलाही ख्रिस्ती माणूस धजणार नाही. इथे नियमच कोलमडतो.

हरेगावला लोक काय मागतात?

आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. एकेकाळी साखर कारखान्यामुळे माहीत असलेलं हे गाव आता मतमाउलीच्या यात्रेसाठी ओळखलं जातं. पवित्र मारियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला असतो. त्याच्या आसपास इथे मोठी यात्रा भरते. आधी नऊ दिवस प्रार्थना चालते. लोक लांबून येतात, काही पायी येतात. मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात, नवस फेडतात. त्यात ख्रिस्ती नसलेलेही असतात.

मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत तर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ.

कॅथलिक शिकवणीनुसार मारिया स्वतः बरं करत नाही. ती आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकते. ‘माउली’ हा वारकऱ्यांचा शब्द तिच्या नावात आला तो उगाच नाही. संकटात आईकडे जायचं, ही मराठी भक्तीची जुनी सवय आहे. नगरमध्ये अनेक वर्षं काम केलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांच्या कवितेतही देव वारंवार आई होऊन येतो. आजारपणात आई उशाशी बसते. दुखणं तिला घालवता येईलच असं नाही, पण ती उठून जात नाही. हरेगावला जाणारी अनेक माणसं हेच मागायला जात असावीत, असं मला वाटतं.

चमत्काराच्या दाव्यांबाबत मात्र कॅथलिक चर्च सावध असतं. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून लोक जातात. तिथे बरं झाल्याचे दावे तपासायला डॉक्टरांचं कार्यालय आहे. सात हजारांहून अधिक दावे नोंदवले गेले. त्यातले चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास. आधी निदान पक्कं होतं का, उपचार कोणते चालू होते, सुधारणा टिकली का, हे सगळं वर्षानुवर्षं बघितलं जातं. बायबलमध्येही येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे पाठवतो. त्या काळी अंगावरचा डाग गेला की नाही, हे तपासून सांगण्याचं काम याजकाचं होतं.

प्रार्थना करणाऱ्यांनीच दवाखाने काढले

प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या विरोधात असते, तर महाराष्ट्रातला मिशन दवाखान्यांचा इतिहास घडलाच नसता. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं आणि पुढे मिरज हे डॉक्टरांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. नगरला साल्व्हेशन आर्मीचं इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल आहे. लोक त्याला नुसतं ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात. २०२० मध्ये कोरोनाला सगळे घाबरलेले असताना तिथे कोविड रुग्णांवर उपचार झाले.

दुःख फक्त आजाराचं नसतं, आणि आमच्या राजूर भागाला हे वेगळं सांगायला नको. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. हरमन बाखर या स्वित्झर्लंडहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं केलं. त्यातून १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था सुरू झाली. काजव्यांमुळे माहीत झालेल्या आपल्या पुरुषवाडीतही या संस्थेनं काम केलं आहे. बांधबंदिस्ती, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, अशी ही कामाची पद्धत. पाऊस पडावा म्हणून प्रार्थना करणारा माणूस पडलेलं पाणी अडवायला चर खोदतो, यात त्याला काही विसंगती वाटत नाही.

विज्ञानानं तपासलं आहे का?

हो. सर्वात मोठा अभ्यास २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होते आहे.

पहिल्या दोन गटांत फरक दिसला नाही. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के होतं. तिसऱ्या गटात ते ५९ टक्के निघालं. ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते आहे म्हणजे मी फारच गंभीर आहे’ असा ताण रुग्णांना आला असावा, असा एक अंदाज मांडला गेला.

देव आहे की नाही, हे अशा प्रयोगातून ठरत नाही. अनेक धर्मशास्त्रज्ञांना तर हा प्रयोगच पटला नाही. त्यांचं म्हणणं असं की, प्रार्थना हे औषधासारखं मोजून देण्याचं साधन नव्हेच. पण एक गोष्ट यातून नक्की घ्यावी. प्रार्थना हा औषधाला पर्याय आहे, असं दाखवणारा पुरावा या अभ्यासात मिळाला नाही.

कायदा काय सांगतो?

प्रार्थना करणं गुन्हा नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चर्च, मंदिर, दर्गा, घर अशा ठिकाणी होणाऱ्या, कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या प्रार्थनेला आणि उपासनेला स्पष्टपणे सूट देतो.

पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. भातखाचरात काम करणाऱ्या आपल्या भागासाठी हे कलम किती महत्त्वाचं आहे, ते वेगळं सांगायला नको. या कायद्यात ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आणि ५ ते ५० हजार रुपये दंड आहे. कायदा सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे.

याशिवाय १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. मधुमेह, कॅन्सर, लकवा, अंधत्व अशा ठरावीक आजारांवर जादुई उपायानं बरं करतो, अशी जाहिरात करायला तो मनाई करतो.

प्रार्थनासभांवरून धर्मांतराचे वादही होतात. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण एक साधी कसोटी सगळ्यांनाच लावता येते: आजारी माणसाच्या भीतीचा कुणी वापर करतंय का?

रील फॉरवर्ड करण्याआधी हे बघा

* बरं झाल्याचं सांगणाऱ्या माणसाला आधी नेमका कोणता आजार होता? तो कुणी निदान केला होता?
* सहा महिन्यांनी तो माणूस कसा आहे, हे कुठे दाखवलंय का? की व्हीडिओ टाळ्यांवरच संपतो?
* औषध थांबवा असं सांगितलंय का? शुगर, बीपी, फिट्स, टीबी, मानसिक आजार यांची औषधं अचानक बंद करणं धोक्याचं असतं. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार औषधांना दाद न देणारा होऊ शकतो.
* बरं होण्याचा आणि पैसे देण्याचा संबंध जोडलाय का?
* जे बरे झाले नाहीत त्यांच्याबद्दल काय म्हटलंय? त्यांच्याच विश्वासावर खापर फोडलं असेल तर तिथून लांब राहा.

शेवटी, त्या आजी

आजींना मी एवढं सगळं सांगितलं नाही. मी रमाबाईंची गोष्ट सांगितली. दुष्काळात सगळं घर गेलं, नवरा गेला, कान गेले, शेवटी पोटची पोर गेली, आणि तरी ती बाई रोज प्रार्थना करत होती आणि रोज कामालाही लागत होती.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी तिचं बी देवानं सगळं ऐकलं नाही?”

“सगळं नाही ऐकलं.”

“तरी तिनं देव सोडला नाही?”

“नाही सोडला.”

त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि फडताळातला गोळ्यांचा डबा काढला. “मग मी तरी गोळ्या कशाला सोडू,” म्हणाल्या, आणि सकाळची राहिलेली गोळी पाण्याबरोबर घेतली. दुसऱ्या दिवशी शुगर तपासायला त्यांना दवाखान्यात न्यायचं मी कबूल केलं. निघताना त्यांनी देव्हाऱ्यासमोर हात जोडले. त्यात काही चुकीचं आहे, असं मला वाटलं नाही.